अक्षर, रंग आणि पोथी : तंजावरचा धडा

कुंभकोणम्‌जवळच्या इन्नंबूर या खेड्यात शिवाचे जे मंदिर आहे, त्यातील देव ‘एळुत्तरिनाथर’ म्हणजे अक्षरे जाणणारा नाथ या नावाने ओळखला जातो. अक्षरओळख होण्याच्या वयातील मुलांना येथे देवापुढे आणण्याची प्रथा आहे. अक्षर हे केवळ अर्थाचे वाहन नसून ते पूजेचे आणि हाताने घडविण्याचे द्रव्य आहे, ही श्रद्धा ज्या प्रदेशात रुजली, त्याच कावेरीकाठी तंजावरच्या भोसल्यांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे राज्य केले. मराठी ग्रंथाचा विचार करताना हा प्रदेश आपण सहसा वगळतो; तो का वगळू नये, हे येथे सांगावयाचे आहे.

आजचे काही चित्रकार कागद, कापड, डिंक व रंग यांचे थर चढवून रोज एखादे चित्र करतात, हाताने पुस्तक बांधतात आणि त्याला ‘मिश्र माध्यम’ असे म्हणतात. नाव नवे आहे, व्यवहार जुना आहे. तंजावर शैलीचे चित्र घ्या. लाकडी फळीवर कापड चिकटवावयाचे, त्यावर खडूची पूड व डिंक यांचा लेप द्यावयाचा, दागिने व कमानी यांना लेपानेच उठाव आणावयाचा, मग सोन्याचा वर्ख व काचमणी बसवावयाचे आणि रंग भरावयाचे. येथे चित्र हे नुसते रंगविलेले पृष्ठ नाही. ती बांधलेली वस्तू आहे.

पोथीही अशीच बांधलेली वस्तू होती. काजळाची शाई, बोरू, शीर्षकासाठी हिंगूळ, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार लेखकाच्या याच दैनंदिन उद्योगातून आला. म्हणजे खोडणे हीसुद्धा रंग लावण्याचीच क्रिया होती. छापील आवृत्तीत हे सर्व नाहीसे होते. संपादक संहिता सांभाळतो आणि हात गमावतो.

या दोन परंपरांना जिज्ञासेची जोड दिली ती दुसऱ्या सरफोजीने (कारकीर्द १७९८–१८३२). त्याच्या काळात १८०३ साली भोसलेवंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत दगडावर कोरला गेला. १८०६ साली त्याच्याच छापखान्यातून ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूप देवनागरी ठशांनी छापले गेले. त्याच वेळी सरस्वती महालात हस्तलिखिते जमत होती. आज तेथील मराठी पोथ्यांची संख्या सुमारे ३००० आहे. नेत्ररुग्णांच्या नोंदींबरोबर त्यांच्या डोळ्यांची चित्रेही त्याच्या संग्रहात आढळतात. एकच भाषा शिळेत, शिशात आणि कागदावर, आणि शेजारी चित्र. प्रत्येक द्रव्याची मागणी वेगळी. दगडावर खोडता येत नाही. ठशाला प्रत्येक अक्षराचे रूप आधी ठरवावे लागते. पोथीत मात्र चूक हरताळाखाली झाकून पुढे जाता येते.

मराठी मुद्रणाची कथा आपण श्रीरामपूर येथे १८०५ साली छापलेल्या कॅरेच्या व्याकरणापासून सुरू करतो, मग मुंबईकडे वळतो. तंजावरचा उल्लेख तळटीपेत होतो. वस्तुतः तेथे केवळ एक जुने पुस्तक सापडते असे नाही. ग्रंथ म्हणजे काय याचे एक वेगळे उत्तर सापडते.

अर्थात, एक भेद विसरता येणार नाही. तंजावरच्या कारागिराला देवतेचे रूप व बैठक परंपरेने ठरवून दिलेली होती. आजच्या चित्रकाराचा प्रयोग त्याचा स्वतःचा असतो, आणि त्याच्या अपयशाची जबाबदारीही. दोघांना सारखे मानणे हे भावुकपणाचे होईल. परंतु द्रव्याशी रोज झुंजावे लागणे हे दोघांच्याही वाट्याला आले आहे, आणि समीक्षकाने शोधावयाचे ते तेथेच.

म्हणून पोथी अभ्यासणाऱ्याने पाठभेदांबरोबर समासही पाहावेत, कागदाचा पोत पाहावा, हरताळाखालचे अक्षर वाचावे. जे खोडले गेले तेही लेखकाच्या निवडीचाच भाग होते. त्याची नोंद न घेणारी समीक्षा साहित्याचा अर्धाच इतिहास सांगत राहील.