सिलिंडर टेक्सासचा, प्रश्न पाण्याचा

अमेरिकेतून वर्षाला २२ लाख टन एलपीजी आणण्याचा करार सरकारी तेल कंपन्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये केला, तेव्हा चर्चा झाली ती आयातशुल्काच्या ओढाताणीची आणि ट्रम्प यांच्या मर्जीची. २०२६ या एका वर्षापुरता हा करार आहे आणि देशाच्या एकूण एलपीजी आयातीच्या सुमारे दहा टक्के गॅस त्यातून येणार आहे. तो जमिनीतून निघतो कसा, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत शेल खडक पाण्याच्या दाबाने फोडून, म्हणजे फ्रॅकिंगने, जो वायू आणि जे तेल काढलं जातं, त्यातूनच या एलपीजीचा मोठा हिस्सा मिळतो. नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यातल्या नामपूरला एखाद्या घरी शेगडी पेटते, तेव्हा फ्रॅकिंग त्या स्वयंपाकघरात पोहोचलेलं असू शकतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला तर त्याची ओळख आधीच झाली आहे. ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने अमेरिकी कंपनीशी केलेल्या वीस वर्षांच्या करारातलं द्रवरूप वायूचं पहिलं जहाज लुइझियानातल्या सबाइन पास बंदरातून निघालं आणि ३० मार्च २०१८ रोजी दाभोळला लागलं. एन्रॉनमुळे गाजलेलं हेच ते दाभोळ.

जगभर ज्या तंत्रावरून मोर्चे निघाले, त्याचं एक धाकटं, निरुपद्रवी भावंड महाराष्ट्रातल्या खेड्यांना चांगलं ठाऊक आहे. हातपंपाच्या बोअरला पाणी कमी पडलं की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची गाडी येते. बोअरमध्ये पॅकर उतरवून वरचा भाग बंद करतात आणि खाली जोराच्या दाबाने साधं पाणी सोडतात. काळ्या पाषाणातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात, एकमेकींना मिळतात आणि बोअरची आवक वाढते. सरकारी कागदावर याला जलभंजन म्हणतात. बोअर साधारण साठ मीटर खोल, पाणी फार तर टँकर-दोन टँकर आणि त्यात कोणतंही रसायन नाही. दुष्काळी गावांना या तंत्राने आधार दिला आहे. खडकाला भेग पाडणं हाच मुळात गुन्हा, असं म्हणून चालणार नाही ते यासाठीच. फरक पडतो तो आकाराने, आणि तो फरक प्रचंड आहे.

शेल वायूची विहीर दोन-तीन किलोमीटर खोल जाते आणि तिथून आडवी वळते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या आकड्यांनुसार अशा एका विहिरीला १५ लाखांपासून १ कोटी ६० लाख गॅलनपर्यंत, म्हणजे अंदाजे ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागतं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे एका विहिरीमागे अडीच ते सत्तावीस शेततळी, आणि तीही एका वायुक्षेत्रातल्या शेकडो विहिरींपैकी एकीसाठी. ज्या खोऱ्यात हरणबारी धरणाचं आवर्तन कधी सुटणार यावर डाळिंबाचा बहार आणि उन्हाळ कांदा ठरतो, तिथे हा हिशेब शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पाण्यात वाळू आणि रसायनं मिसळून ते खाली सोडतात. त्यातलं काही परत वर येतं, ते खारट होऊन, खोल खडकातले क्षार आणि कुठे कुठे रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्यं घेऊन. ते नाल्यात सोडता येत नाही, शेतीला देता येत नाही. ओक्लाहोमात तेलविहिरींचं असं सांडपाणी वर्षानुवर्षं खोल जमिनीत जिरवलं गेलं आणि एरवी शांत असलेल्या त्या राज्याला भूकंपांनी गाठलं. ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या प्रेस्टन न्यू रोड इथे ऑगस्ट २०१९ मध्ये बसलेला धक्का २.९ चाच होता, पण घरं हादरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने फ्रॅकिंग थांबवलं. फ्रान्सने तर २०११ मध्येच कायद्याने बंदी घातली होती.

कंपन्या म्हणतात, भेगा पिण्याच्या पाण्याच्या थराखाली हजारो फुटांवर असतात, मग भीती कसली? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वर्षानुवर्षं अभ्यास करून डिसेंबर २०१६ मध्ये निष्कर्ष दिला, की काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. विहिरीचं अस्तर कच्चं राहणं, रसायनं सांडणं, सांडपाणी नीट न हाताळणं आणि मुळातच पाणी कमी असलेल्या जागेतून उपसा करणं, ही त्याची कारणं. लोकांची काळजी अडाणीपणाची नव्हती, हे त्यातून स्पष्ट होतं.

नामपूरच्या माळावर उद्या शेल वायूचा रिग उभा राहील, अशी शक्यता दिसत नाही. दख्खनच्या बेसॉल्टखाली जुन्या गाळाचे खडक असावेत, या अंदाजाने उत्तर महाराष्ट्रात तेल-वायूच्या शोधासाठी क्षेत्रं दिली गेली होती खरी, पण हाती काही लागलं नाही. ओएनजीसीने २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ देशातला पहिला शेल वायू काढून दाखवला. २०१३ मध्ये धोरण आलं, गुजरातच्या खंबात खोऱ्यात विहिरी खोदल्या गेल्या. व्यापारी उत्पादन काही उभं राहिलं नाही.

काळजी वाटावी ती नियमांमुळे. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तेल, वायू आणि शेल वायूच्या शोधविहिरींना पर्यावरणीय मंजुरीच्या अशा गटात टाकलं, जिथे जनसुनावणीची गरज नाही. त्याआधीच तमिळनाडूतल्या नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटवलेलं होतं. केंद्राच्या त्या निर्णयानंतर सव्वा महिन्याच्या आत तमिळनाडू विधानसभेने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा केला आणि नव्या तेल-वायू उत्खननाबरोबर शेल वायूलाही तिथे मनाई केली. भाताच्या शेतकऱ्याने स्वतःच्या पाण्यासाठी कायदा करून घेतला, ही या देशातली घटना आहे आणि ती महाराष्ट्रात फार कमी सांगितली जाते.

मग शेल वायू नको, तर वीज आणायची कुठून? नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ६३० मेगावॉट. केंद्राने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना घातलेली मर्यादा आहे युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची. कोळशालाही पाणी लागतंच. कोळशापेक्षा स्वच्छ म्हणून गॅसचं नाव पुढे येतं. त्यावर कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०२४ मध्ये आकडे मांडले. उत्खननात आणि वाहतुकीत गळणारा मिथेन धरला, तर जहाजाने निर्यात होणाऱ्या अमेरिकी द्रवरूप वायूचा वीस वर्षांतला हवामान-भार कोळशापेक्षा ३३ टक्के जास्त भरतो. त्यांच्या गृहीतकांवर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत. तरीही ‘गॅस म्हणजे स्वच्छ’ हे आता डोळे मिटून म्हणता येत नाही.

बागलाणच्या शेतकऱ्याला ऊर्जा म्हणजे मुख्यतः मोटारीची थ्री फेज लाइट. रात्रपाळीची लाइट आली की बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीतच बारे द्यायला जावं लागतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा हे दुखणं नेमकं ओळखतो. उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि कृषी फीडरला दिवसा वीज द्यायची. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख. या योजनेतला पहिला, तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. डोंगरापलीकडे साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. खडक न फोडता, बॉयलर न पेटवता मिळणारी ही वीज नामपूरसाठी सर्वांत योग्य आहे, यात शंका नको.

पण सौर प्रकल्पांना तर पर्यावरणीय मंजुरीतूनच सूट आहे, म्हणजे जनसुनावणी इथेही नाही. गायरानावर पॅनल बसले की मेंढरं कुठे चरायची, हा प्रश्न राज्यात अनेक गावांनी उठवला आहे. पॅनलवरची धूळ धुवायलाही पाणी लागतं, आणि ते उन्हाळ्यात जास्त लागतं.

बागलाणात मोसम आणि आरम नद्यांच्या काठी शतकानुशतकं फड पद्धत चालली. बंधाऱ्याचं पाणी कुणाला, कधी, कोणत्या पिकाला, हे लाभधारकांची पंच मंडळी ठरवत आणि पाटकरी ते बजावत असे. पाणी नेण्याआधी खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचा विचार करण्याची ही रीत या खोऱ्याला कुणी शिकवायला नको. सौर प्रकल्पाचा प्रस्ताव नामपूर परिसरातल्या कोणत्याही ग्रामसभेत आला, की करारावर सही होण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पॅनल धुण्याचं पाणी कोणत्या विहिरीचं आणि किती, चराईसाठी किती गायरान मोकळं राहणार, आणि ग्रामपंचायतीला मिळणारे पाच लाख कशावर खर्च होणार. तेल-वायूच्या शोधविहिरींची जनसुनावणी परत आणावी, ही मागणीही जिल्ह्यातल्या खासदारांनी संसदेत मांडायला हवी. खंबातच्या किंवा दुर्गापूरच्या शेतकऱ्याला ती आज हवी आहे.