‘किती टक्के काम झालं?’ : एडिनबरोच्या ट्रामचा हिशोब

एखाद्या प्रकल्पाची प्रगती अभ्यासायची म्हणजे दर महिन्याला टक्केवारी नोंदवायची, असं तुम्हाला वाटत असेल. पण टक्केवारी हा शेवटी अपूर्णांकच. अंश कोणता आणि छेद कोणता, हे ठरल्याशिवाय तिला अर्थ नाही.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहराची ट्राम घ्या. विमानतळ ते न्यूहेवन हा साधारण १८.५ किलोमीटरचा मार्ग २०११ मध्ये सुरू व्हायचा होता. निधीची मर्यादा ५४.५ कोटी पौंड. प्रत्यक्षात ३१ मे २०१४ रोजी ट्राम धावली ती १४ किलोमीटर, शहराच्या मध्यातल्या यॉर्क प्लेसपर्यंतच. खर्च झाला ७७.६ कोटी. मग त्या दिवशी काम किती झालं होतं? मूळ आराखडा छेदात धरलात तर सुमारे ७६ टक्के, आखूड केलेला मार्ग धरलात तर १००. गणित दोन्हीकडे बरोबर आहे. म्हणून छेद कुठल्या तारखेच्या आराखड्यातून घेतला, हे आधी लिहा.

आता अंश. रूळ टाकण्याआधी रस्त्याखालच्या पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या, केबल हलवाव्या लागतात. इथे हे काम २००७ मध्ये सुरू झालं आणि नकाशात नसलेलं बरंच काही जमिनीखाली निघालं. नुसते रुळांचे किलोमीटर मोजले, तर एवढी सगळी खोदाई आलेखावर शून्य दिसते.

शिवाय प्रगती मागेही जाते. प्रिन्सेस स्ट्रीटवर २००९ मध्ये रूळ बसले होते. पण रुळांलगतचा पृष्ठभाग खराब झाला आणि २०११ मध्ये दुरुस्तीसाठी रस्ता पुन्हा बंद करावा लागला. तुमच्या तक्त्यात आकडा खाली आणायची सोय आहे का?

हा नुसता आकडेमोडीचा प्रश्न नाही. लीथ वॉक हा रस्ता वाहिन्यांसाठी पहिल्याच टप्प्यात खोदला गेला, पण तिथे ट्राम आली ७ जून २०२३ रोजी, न्यूहेवनपर्यंतचा उरलेला भाग सुरू झाला तेव्हा. २०१४ चे ‘१०० टक्के’ तिथल्या दुकानदाराच्या काय कामाचे?

तेव्हा माहिती गोळा करायला बसण्याआधी चार रकाने आखून घ्या: तारीख, काय मोजलं, कशाच्या तुलनेत, आणि आकडा कोणी दिला. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. काम करणारा, पैसे देणारा आणि रस्त्यावर राहणारा, तिघांचं ‘पूर्ण’ वेगवेगळं असतं.