परत आलेली पेटी आणि नशिबाचा हिशोब

भोसरीच्या एमआयडीसीत किंवा तळवड्यात लेथवर जॉबवर्क करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना हा अनुभव नवा नाही. शंभर पिनांची पेटी टेम्पोने चाकणला जाते आणि चार दिवसांनी रिजेक्शनचा शेरा घेऊन परत येते. मालक ऑपरेटरवर चिडतो, त्याची मजुरी कापतो. ऑपरेटर म्हणतो, 'सेटिंग बरोबर होती, नशीबच खराब.' दोघांपैकी खरे कोण, हे सांगणारे एक गणित आहे. त्याला संभाव्यता म्हणतात आणि ते समजायला गुणाकार-भागाकार पुरतो.

हे गणित जुगारातून आले म्हणून काहीजण नाक मुरडतात. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी यावर पत्रे लिहिली, हे खरे. परंतु त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल-किंदी यांनी कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून गुप्त लिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली होती. जुगार हराम आहे, मोजणी नव्हे.

आता वर्कशॉपकडे वळू. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा, सेटिंग ठीक असताना शंभरात सरासरी २ नग खराब निघतात. पार्टीची अट अशी की पेटीत ५ किंवा जास्त खराब नग सापडले तर सगळी पेटी परत. आपण म्हणतो, 'सरासरी दोनच, मग भीती कसली?' पण सरासरी दोन म्हणजे प्रत्येक पेटीत दोन नव्हेत. अशा शंभर पेट्या पाहिल्या तर साधारण १३ पेट्यांत एकही खराब नग नसेल, २७ मध्ये एक, २७ मध्ये दोन, १८ मध्ये तीन, ९ मध्ये चार. उरलेल्या ५ पेट्यांत पाच किंवा जास्त. या पसाऱ्यालाच वितरण म्हणतात. स्वित्झर्लंडच्या याकोब बर्नुली यांचा यावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापला गेला. सारांश, मशीन ठीक, कारागीर ठीक, तरी वीसातली एक पेटी परत येणारच.

मात्र हा हिशोब प्रत्येक नग स्वतंत्रपणे बिघडतो असे धरून आहे. टूल घासले की खराब नग रांगेने येतात, हे कोणत्याही टर्नरला ठाऊक आहे. म्हणून समजा, दहातली एक पेटी बिघडलेल्या सेटिंगवर बनते आणि तिथे शंभरात सरासरी ८ नग खराब निघतात. अशी पेटी परत येण्याची शक्यता ९१ टक्के.

दोनशे पेट्या घ्या. १८० चांगल्या सेटिंगच्या; त्यांतल्या ९ परत येतील. २० बिघडलेल्या सेटिंगच्या. त्यांतल्या १८ परत येतील. एकूण २७. म्हणजे परत आलेल्या दर तीन पेट्यांपैकी एकीत ना सेटिंगचा दोष, ना ऑपरेटरचा. बिघडलेल्या सेटिंगची पेटी परत येण्याची शक्यता ९१ टक्के, पण परत आलेली पेटी बिघडलेल्या सेटिंगची असण्याची शक्यता ६७ टक्केच. ही दोन विधाने एकच समजली की अन्याय होतो. काहीतरी घडले आहे हे कळल्यानंतरची ही शक्यता. गणितात तिला सशर्त संभाव्यता म्हणतात. एक पेटी परत आली म्हणून कुणाची मजुरी कापणे मला तरी पटत नाही. कामगाराच्या हक्काचा हा प्रश्न आहे. शिवाय ठीक असलेली सेटिंग विनाकारण हलवली तर नुकसान वेगळेच.

आता पैशाचे पाहू. पेटीमागे ५० रुपये सुटतात असे मालक सांगतो. परत आलेल्या पेटीचे भाडे, पुन्हा तपासणी, रिवर्क मिळून ४०० रुपये जातात. दोनशेत २७ परत, म्हणजे १०,८०० रुपये, पेटीमागे ५४. यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात. हातात ५० दिसतात, प्रत्यक्षात ४ रुपये तोटा. आता पेटीमागे १० रुपये खर्चून दर तासाला गेज लावून पाहिले आणि बिघडलेल्या पेट्या २० वरून ४ वर आल्या, तर परत येणाऱ्या पेट्या सुमारे १४ होतील. त्यांचा बोजा पेटीमागे २८. पन्नासातून २८ आणि १० वजा जाता १२ रुपये उरतात. मशीन तीच, दर तोच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील हजारो शेड व बांधकामे पाडली. त्यानंतर तुटपुंज्या भांडवलावर दुसरीकडे पुन्हा उभे राहणाऱ्याला तर दर सांगण्यापूर्वी हा हिशोब करणे भागच आहे. त्यासाठी साधी वही पुरे: पेटीचा क्रमांक, मशीन, टूल कधी बदलले, खराब नग किती, परत आली की नाही. वीस-पंचवीस पेट्यांवरून निष्कर्ष काढू नये. दोनशेच्या आसपास नोंदी झाल्या की आकडा बोलू लागतो.

हीच वही पार्टीच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर ठेवता येते. मर्यादा ५ ऐवजी ६ खराब नगांची केली, तर चांगल्या सेटिंगच्या १८० पेट्यांपैकी परत येणाऱ्या ९ वरून ३ वर येतात. बिघडलेल्या २० पैकी १६ तरीही पकडल्या जातात. पार्टीच्या हातून दोनच जास्त निसटतात, आपल्या सहा वाचतात. मोठ्या वाहन कंपन्यांचे मोजमाप दहा लाखांत किती खराब असे कडक असते, तिथे ही सवलत मिळणे कठीण. पण त्यांना माल पुरवणाऱ्या मधल्या पार्टीशी बोलणी करताना 'थोडे सांभाळून घ्या' म्हणण्यापेक्षा हे आकडे दाखवून एका नगाची सूट मागता येईल.