मोठा आवाज आणि चांगला आवाज

गोदावरीतल्या सरला बेटाच्या परंपरेतला गंगागिरी महाराजांचा हरिनाम सप्ताह दरवर्षी निरनिराळ्या गावी भरतो. तेथे लोटणाऱ्या समुदायाला कीर्तनकाराचा शब्द न् शब्द ऐकू जावा, तर लाऊडस्पीकरवाचून गत्यंतर नाही. अशा सोहळ्यांत खांबावरच्या कर्ण्याने हे काम वर्षानुवर्षे केले आहे. पण तोच कर्णा आपण दहा-बाय-बाराच्या खोलीत टांगला, तर कीर्तन गोड लागेल काय? शब्द कानात घुसतील, पण मृदंगाच्या डाव्या अंगाचा गंभीर घुमार बहुतांशी हरवेल. मोठा आवाज आणि चांगला आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथेच ध्यानी येते.

घरासाठी स्पीकर घ्यायला गेलो म्हणजे दुकानदार सांगतो, "याची सेन्सिटिव्हिटी जास्त आहे, साहेब." या शब्दाचा अर्थ काय? स्पीकरला एक वॅट वीज दिली असता समोर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, त्या आकड्याला संवेदनक्षमता म्हणतात. कार्यक्षमता म्हणजे दिलेल्या विजेपैकी ध्वनीत रूपांतर होणारा हिस्सा. या दोन्हींचे नाते जवळचे असले, तरी त्या एक नव्हेत. कर्णा आवाज एकाच दिशेला फेकतो, त्यामुळेही समोरचा आकडा वाढतो.

हा हिस्सा किती लहान असतो, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. ९० डेसिबलचा घरगुती स्पीकर शंभर भागांतला एक भागसुद्धा ध्वनीत बदलत नाही, बाकी सारी उष्णता होते. चांगला कर्णा याच्या कितीतरी पट काम करतो. बोलपटांच्या आरंभीच्या काळात ॲम्प्लिफायर थोड्या वॅटचे असत, म्हणून थिएटरांतून मोठमोठे कर्णे बसवावे लागले.

मग घरचा स्पीकर इतका उधळा का? याचे कारण निसर्गनियमात आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठी कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत; दोन घ्याव्यात आणि तिसरी सोडावी. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीचा लहान स्पीकर पुढे आणला. त्यांनी कार्यक्षमता सोडली आणि खर्ज मिळवला. म्हणजे कमी आकड्याचा स्पीकर हा हलका माल नव्हे, कित्येकदा ती जाणूनबुजून मोजलेली किंमत असते.

तर मग हा आकडा निरुपयोगी समजावा काय? तसेही नाही. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. घरी नेहमीच्या ऐकण्याला एखादा वॅट पुरतो. पण पखवाजाची जोरकस थाप क्षणभर २० डेसिबल उसळली, की शंभरपट शक्ती हवी. ॲम्प्लिफायर अपुरा असेल, तर ती थाप फाटते. तेव्हा हा आकडा जोडी जुळवण्यासाठी पाहावा, गुण ठरवण्यासाठी नव्हे. त्यातही एक खोच आहे. काही ठिकाणी तो एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर दिलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरला त्यातून एक वॅट मिळतो, तर ४ ओहमच्या स्पीकरला दोन. साहजिकच त्याचा आकडा फुगून दिसतो.

दुकानातली खरी फसगत मात्र आपल्या कानाचीच असते. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला अधिक चांगला भासतो. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी. ओळखीच्या गवयाची ध्वनिमुद्रिका लावावी. तंबोऱ्याची जवारी, आवाजातला श्वास, तबल्याच्या डग्ग्याची मींड निरखावी. मंद्रापासून तारापर्यंत सूर समतोल लागतो की नाही, हा गुण एक वॅटच्या आकड्यात लिहिलेला नसतो.

शेवटी खोली. फरशी, स्लॅब आणि मोकळ्या भिंती यांच्यात उत्तम स्पीकरही कलकलाट करतो. जाड सतरंजी अंथरावी, भिंतीला आपल्याकडची घोंगडी टांगावी, स्पीकर कोपऱ्यातून थोडा पुढे ओढावा. अधिक वॅटसाठी पैसे मोजण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा. त्याला खर्च जवळजवळ नाही, आणि फरक घरातल्या म्हाताऱ्यांनाही कळतो.