शेंग सोबत आणा

थंडीच्या दिवसांत पेण-रोह्याकडे पोपटीचे मडके लागले, की भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजणाऱ्या वालाच्या शेंगांचा वास दूरवर दरवळतो. शेंग ओळखणे ही आपल्याकडची पिढ्यानपिढ्यांची विद्या. आता मात्र ती वाल, चवळी आणि शेवगा यांपुरती उरली आहे. रानातील शेंगांचे हे विस्मरण किती महाग पडू शकते, याचा अनुभव मी घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत रोह्याजवळच्या एका वाडीतील दोन भावंडांना माझ्याकडे आणले. उलट्या थांबत नव्हत्या. आदल्या दिवसाचा फराळ बाधला, असे आईचे म्हणणे. आजीने मात्र पदराची गाठ सोडून तीन खणांचे एक वाळलेले बोंड माझ्यापुढे ठेवले. मोगली एरंड! कुंपणाला लावल्या जाणाऱ्या या परदेशी झुडपाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुले त्या खातात. निदान तत्काळ झाले. शिरेतून सलाईन दिले आणि दुसऱ्या दिवशी मुले सावरली. त्या दिवशी खरे निदान आजीने केले होते.

आपण झाडे पानाफुलांवरून ओळखतो. परंतु फाल्गुन-चैत्रात रानातील अनेक झाडे निष्पर्ण होतात, तेव्हा शेंगच त्यांची ओळख सांगते. बहाव्याची शेंग काळसर, नळीसारखी गोल आणि हातभर लांब. आत आडवे पडदे. पळसाची चपटी, लवदार. टोकाशी एकच बी. करंजाची जाड, चपटी आणि किंचित चोचदार. कुड्याच्या लांब, बारीक शेंगा जोडीने लोंबतात. टेटूची शेंग तलवारीसारखी. तिच्या बियांना कागदासारखे पातळ पंख. मुरुडशेंग दोरीसारखी पिळलेली. फणसाडच्या रानातील गारंबीची शेंग तर मीटरभराहूनही लांब भरते.

यांतील काही शेंगा घरगुती औषधांत आहेत, म्हणून त्या निर्धोक ठरत नाहीत. बहाव्याचा गर रेचक आहे. मुलांनी तो चाखला तर जुलाब होतात. मुरुडशेंग बाळगुटीत उगाळतात. मात्र पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असाच माझा आग्रह असतो. उगाळलेल्या गुटीतून जंतुसंसर्गाचे भय राहते.

तीन वनस्पती तर प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात. पहिली खाजकुइली. तिची शेंग वाकडी, सोनेरी-तपकिरी मखमली लव असलेली. ही लव अंगाला लागल्यास चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ती उचलावी, मग भरपूर पाण्याने धुवावे आणि अंगावरचे कपडे बदलावेत. डोळ्यात गेल्यास डोळा स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे. दुसरी गुंज. आखूड शेंगेत लाल बिया, त्यांवर काळा ठिपका. अख्खी बी पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी प्राणघातक ठरू शकते. शिवाय लक्षणे काही तासांनी किंवा अधिक उशिरानेही दिसतात. तिसरी कळलावी. श्रावणातील तिच्या लाल-पिवळ्या फुलांनंतर धरणाऱ्या बोंडांतील नारिंगी बिया विषारी असतात. कंदही घातक.

मुलाने असे काही खाल्ल्याची शंका आली, तर तोंडातील तुकडे काढावेत आणि चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. मूल ठीक दिसत असले तरी लक्षणांची वाट पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. उरलेली शेंग, बी आणि शक्य झाल्यास झाडाची फांदी सोबत आणावी. खाजकुइली मात्र उघड्या हाताने तोडू नये. किती बिया खाल्ल्या आणि केव्हा खाल्ल्या, हेही सांगावे.

येत्या सुटीत मुलांना घेऊन आजी-आजोबांसह गावाबाहेरच्या रानवाटेने फिरून या. शेंग पाहावी, नाव विचारावे, वहीत चित्र काढावे. तोंडात मात्र काहीही घालू नये. आजीला ठाऊक असलेले नातवंडांपर्यंत पोहोचले, तर एखादे मूल आमच्या दारी येण्याआधीच वाचेल.