ट्रकच्या पाठीवरचं घर तर घेतलं, पण आत चढायचं कसं? समजून घ्या घडीच्या पायऱ्यांचं गणित

डोंगराच्या कडेला उभा पिकअप ट्रक. त्याच्या हौद्यात बसवलेलं छोटंसं घर. दार उघडं, दारात कुणीतरी कॉफीचा मग घेऊन बसलंय आणि समोर सूर्योदय. असे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. अमेरिका आणि कॅनडात या घराला ट्रक कॅम्पर म्हणतात. पलंग, शेगडी, छोटा फ्रीज आणि काहींमध्ये तर संडाससुद्धा असतो. सगळं ट्रकच्या पाठीवर.

पण रीलमध्ये एक गोष्ट सहसा दिसत नाही. दारात बसलेली ती व्यक्ती तिथपर्यंत चढली कशी?

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. मोठ्या पिकअपचा हौदाच जमिनीपासून साधारण तीन फूट उंच असतो. कॅम्पर त्या हौद्यावर बसतो, म्हणजे त्याचा उंबरठा तीन फुटांच्या वर, काही मॉडेल्समध्ये चारच्या आसपास. घरातल्या जेवणाच्या टेबलाची उंची अडीच फूट असते. म्हणजे टेबलाहून उंच जागेवर रोज दहा-पंधरा वेळा चढायचं आणि उतरायचं. तेही पावसात, अंधारात, हातात पिशवी घेऊन. आणि अशा गाड्या घेऊन फिरणाऱ्यांमध्ये निवृत्त जोडपी भरपूर असतात.

ही हौस नवी नाही. १९६० मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक आपल्या चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन अशाच गाडीतून अमेरिका बघायला निघाले. ट्रकला नाव दिलं होतं ‘रोसिनान्ते’, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. त्या प्रवासावरचं पुस्तक १९६२ मध्ये आलं आणि तो ट्रक आजही कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास इथल्या स्टाइनबेक सेंटरमध्ये उभा आहे.

पायऱ्या किती लागतात?

इथे बरेच जण चुकतात. दुकानात ‘तीन पायऱ्यांचा सेट’, ‘चार पायऱ्यांचा सेट’ असं मिळतं आणि माणूस किंमत बघून उचलतो. आधी उंची मोजायला हवी, तीही कॅम्पर ट्रकवर चढवून, पाण्याची टाकी आणि सामान भरून. कारण वजन आलं की ट्रकच्या स्प्रिंगपाट्या दबतात आणि उंबरठा खाली येतो.

समजा, उंबरठा ३६ इंचांवर आहे. अमेरिकेच्या घरबांधणी नियमांत घरातल्या जिन्याची एक पायरी जास्तीत जास्त पावणेआठ इंच उंच चालते. कॅम्परला हा नियम लागू नाही, पण गुडघे तेच असतात. चार पायऱ्या लावल्या तर पाच टप्पे पडतात, कारण शेवटच्या पायरीवरून उंबरठ्यावर जाणं हाही एक टप्पाच. ३६ भागिले ५, म्हणजे प्रत्येकी ७.२ इंच. छान. तीन पायऱ्या घेतल्या तर टप्पे चार आणि प्रत्येकी ९ इंच. जुन्या लाल एसटीत चढताना आजी गुडघ्यावर हात ठेवून ‘आई गं’ म्हणायची, तसला प्रकार.

सगळे टप्पे सारखे असणं त्याहून महत्त्वाचं आहे. घराच्या जिन्यात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान टप्प्यात ३/८ इंच, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर फरक चालतो. इतकी कडक अट का? आपण जिना उतरताना प्रत्येक पायरी बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय अंदाज बांधतो आणि पुढे त्याच अंदाजाने पडतो. शेवटचा टप्पा दोन इंच खोल निघाला की तोल गेलाच.

नुसते स्क्रू का चालत नाहीत?

घडीच्या पायऱ्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक, हवेत लटकणाऱ्या. बंपरखालून बाहेर ओढायच्या आणि उलगडायच्या, खाली आधार नाही. दोन, कात्रीसारख्या उघडणाऱ्या. या दारापासून खाली उतरतात आणि त्यांच्या खालच्या टोकाचे पाय जमिनीवर टेकतात.

लटकणाऱ्या पायरीचं गणित बघा. ८० किलोचा माणूस पायरीच्या टोकावर उभा आहे आणि ते टोक गाडीपासून पाऊण मीटर बाहेर आहे. पायरीचा ब्रॅकेट दोन ओळींच्या बोल्टांनी बसवलाय आणि दोन ओळींत अंतर १० सेंटिमीटर. तरफेच्या नियमाने वरच्या ओळीवर बाहेर खेचणारा जोर येतो तो ८० किलोचा नाही, तर ६०० किलोच्या आसपासचा! माणसाने उडी मारली तर आणखी जास्त.

आता अनेक कॅम्परच्या मागच्या भिंतीत असतं काय? बाहेरून पत्रा किंवा फायबरग्लास, आत पातळ लाकडी चौकट. तिच्यात नुसते स्क्रू पिळून पायरी टांगली तर ती काही महिने टिकते आणि एके दिवशी माणसासकट खाली येते. म्हणून आरपार बोल्ट, आतल्या बाजूला जोर पसरवणारी धातूची पट्टी आणि सैल न होणारे लॉक नट, असं बसवावं लागतं. आत हात पोहोचत नसेल तर पायरी भिंतीऐवजी कॅम्परच्या मजबूत बंपरवर किंवा खालच्या सांगाड्यावर घ्यायची. जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्यांत बराचसा भार जमीनच उचलते, त्यामुळे ट्रक कॅम्परसाठी त्या जास्त भरवशाच्या.

खरा शत्रू मात्र पाणी. पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पावसाला दिलेलं आमंत्रण. पाणी आत झिरपतं, लाकूड भुसभुशीत होतं आणि बाहेरून सगळं चकाचक दिसत राहतं. म्हणून ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये ब्यूटाइलची चिकट पट्टी लावतात. काही जण घरातली सिलिकॉनची ट्यूब पिळून मोकळे होतात. सिलिकॉनवर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा. दुरुस्ती करायची म्हणजे सगळं खरवडून काढायचं. जुना कॅम्पर घेत असाल तर दाराखालची जागा अंगठ्याने दाबून बघा. ती दबली तर पायरीचा विषय नंतर, आधी लाकडाचा.

आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. पायरी ट्रकला लावायची की कॅम्परला? ट्रकच्या हिचला लावली तर कॅम्पर उतरवून चार जॅकवर ठेवल्यावर पायरी ट्रकबरोबर निघून जाते. कॅम्परला लावली तर ती कॅम्परजवळच राहते, पण तेव्हा दाराची उंची बदललेली असते, म्हणून पाय कमी-जास्त करता येणारी हवी. मागे बोट किंवा ट्रेलर ओढणाऱ्यांनी तर ट्रेलर जोडलेला असताना पायऱ्या उघडतात का हे आधीच बघावं. नंबर प्लेट आणि मागचे दिवे बंद पायऱ्यांनी झाकले जाणार नाहीत, हेही तेव्हाच.

वापरताना काय होतं?

गाडी लावली, पायऱ्या उघडल्या, झालं, असं नाही. चौघे आत शिरले की ट्रक पुन्हा थोडा दबतो. म्हणून पायऱ्यांच्या पायांची उंची त्यानंतर एकदा तपासायची. जमीन ओली असेल तर पायांखाली फळी. पायऱ्यांवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, बऱ्याचदा ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो. याचा अर्थ एका वेळी एकच माणूस. नातवाला कडेवर घेतलेले आजोबा आणि मागून हात देणारा मुलगा हे तिघे मिळून ती मर्यादा सहज ओलांडतात. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-बाबांना भाड्याच्या कॅम्परमधून यलोस्टोन दाखवायचा बेत असेल, तर हे लक्षात ठेवा.

उतरताना तोंड कॅम्परकडे ठेवायचं, शिडी उतरतो तसं. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम कुठेतरी टेकलेले हवेत. त्यासाठी दाराशेजारी धरायला दांडा लागतो आणि तोही पत्र्यात नाही, चौकटीत बसवलेला. रात्री दोन वाजता झोपेत बाहेर पडणाऱ्या माणसासाठी पायऱ्यांच्या कडेला अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या लावतात. स्वस्तातली ही गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

मोटरवर चालणाऱ्या पायऱ्याही असतात. दार उघडलं की बाहेर, बंद झालं की आत. सोयीचं आहे, पण यात एक खोड आहे. बटण बंद असेल किंवा बॅटरी उतरली असेल तर दार उघडतं आणि पायरी येत नाही. सवय झालेला पाय मात्र पुढे पडलेला असतो. त्यामुळे मुक्कामाला पोहोचल्यावर पायरी बाहेर काढून बटणाने तिथेच थांबवून ठेवणं बरं.

देखभाल फार नाही. सांध्यांना घट्ट ग्रीस फासू नये, त्यावर धूळ चिकटून कानस तयार होते. कोरडं सिलिकॉन स्प्रे पुरे. बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथून आल्यावर पायऱ्या साध्या पाण्याने धुवायच्या. प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी पाना घेऊन बोल्ट तपासायचे.

आणि सकाळी निघताना? पायऱ्या बंद न करताच गाडी काढणारे कमी नाहीत. पहिल्याच वळणावर पायरी दगडाला किंवा शेजारच्या गाडीला भिडते आणि ब्रॅकेटसह भिंतीचा तुकडा घेऊन जाते. ट्रकच्या आरशात दाराखालचा भाग दिसत नाही. त्यामुळे काही जण ट्रकची किल्ली रात्री पायऱ्यांच्या दांड्याजवळच, कॅम्परच्या दारामागे टांगून ठेवतात. किल्ली घ्यायला तिथे जावंच लागतं.