श्वानांच्या डोळ्यांखालचे डाग: पुसण्याआधी कारण शोधणे आवश्यक

राजधानी दिल्ली, गुरुग्राम, नोएडा आणि गाझियाबाद येथील सदनिकांमध्ये शि त्झू, ल्हासा अप्सो, पूडल यांसारखे लहान चणीचे, लांब केसांचे श्वान आवडीने पाळले जातात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाकडे उतरणारा तांबूस-तपकिरी पट्टा ही अशा श्वानांच्या पालकांची नेहमीची तक्रार असते. हा डाग म्हणजे आजार नव्हे. मात्र काही वेळा तो डोळ्याच्या आजाराची पहिली खूण ठरतो.

डागाचा रंग पॉर्फिरिन या रंगद्रव्यांमुळे येतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी संबंधित असलेली ही द्रव्ये अश्रूंप्रमाणेच लाळेतूनही बाहेर पडतात. म्हणूनच सतत पंजे चाटणाऱ्या श्वानाचे पंजेही तांबूस दिसतात. काळ्या केसांच्या श्वानातही हे घडते, फक्त ते नजरेस येत नाही. केस सतत ओले राहिल्यास त्या जागी यीस्ट आणि जिवाणू वाढतात, दुर्गंधी येते आणि त्वचा लाल होते.

एरवी अश्रू पापण्यांच्या कडेवरील सूक्ष्म छिद्रांतून अश्रुनलिकेत आणि तेथून नाकात उतरतात. चपट्या तोंडाच्या जातींमध्ये ही नलिका वाकडी असते, डोळ्याची खोबणही उथळ असते. शिवाय चेहऱ्यावरचे केस वातीसारखे पाणी बाहेर ओढतात. काही श्वानांची पापणी आत वळलेली असते, काहींची पापणीची केसरे बुबुळाला घासतात. पिल्लांना दात येताना अश्रू वाढतात. ते बहुधा आपोआप कमी होतात. दिल्लीत मे-जूनमधील धुळीच्या आंधीने आणि हिवाळ्यातील प्रदूषित हवेने डोळ्यांची जळजळ वाढते, ती वेगळीच.

बोअरवेलच्या जड पाण्यामुळे डाग पडतात, असा समज या परिसरात आढळतो. श्वानाला स्वच्छ पाणी द्यावे हे खरे. पण रंगद्रव्य शरीरातून येते, पाण्यातून नव्हे. केवळ आरओ यंत्र बसवून डाग जातील, या अपेक्षेला भक्कम आधार नाही.

पशुवैद्यक डोळ्यात फ्लुओरेसिन या रंगाचा थेंब टाकतात. काही मिनिटांत तो नाकपुडीत उतरला, तर नलिका मोकळी आहे असे समजते. चपट्या तोंडाच्या श्वानात तो कधी घशाकडेही जातो, त्यामुळे नाकात न दिसणे हा अडथळ्याचा पुरावा ठरत नाही. याच रंगाने बुबुळावरील जखमही निळ्या प्रकाशात हिरवी चमकून उठते. उपचार कारणानुसार ठरतात: बंद नलिका भूल देऊन धुतली जाते, आत वळलेली पापणी शस्त्रक्रियेने सरळ केली जाते. डाग कमी व्हावेत म्हणून तिसऱ्या पापणीची ग्रंथी काढून टाकण्याची पूर्वीची पद्धत आता मागे पडली आहे. ही ग्रंथी अश्रूंचा मोठा भाग निर्माण करते आणि ती काढल्यास डोळा कायमचा कोरडा पडू शकतो.

डाग घालवणाऱ्या भुकट्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशा काही उत्पादनांविरुद्ध इशारा दिला होता. त्यांत टायलोसिन हे प्रतिजैविक होते. श्वानांच्या डागांसाठी त्याला मान्यता नव्हती. टायलोसिन हे एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन यांच्याच कुळातील आहे. केवळ शोभेसाठी ते महिनोन्‌महिने दिल्यास औषधांना न जुमानणारे जिवाणू फोफावू शकतात, आणि भुकटी थांबताच डागही परततात. प्रतिजैविकांच्या अशा प्रतिरोधाविरुद्ध विविध केंद्रीय मंत्रालयांनी एप्रिल २०१७ मध्ये याच शहरात ‘दिल्ली जाहीरनामा’ स्वीकारला होता.

त्याहून तातडीचा धोका घरात पडून असलेल्या, माणसांसाठीच्या स्टिरॉइडयुक्त थेंबांचा आहे. बुबुळावर जखम असताना ते घातल्यास जखम चिघळून डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. हायड्रोजन पेरॉक्साइड तर डोळ्याजवळ नेऊच नये. एकाच डोळ्यातून अचानक पाणी वाहणे, डोळा मिटून घेणे, पंजाने चोळणे, पिवळा-हिरवा स्राव किंवा बुबुळ धूसर दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे.

तपासणीत दोष न आढळल्यास दैनंदिन निगा पुरेशी असते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने दिवसातून दोनदा डोळ्याखालचा भाग पुसावा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा आणि नंतर केस पूर्ण कोरडे करावेत. अनेक घरांत नेमके हेच राहून जाते. बाहेरून फिरून आल्यावर चेहरा पुसावा, धावत्या मोटारीच्या खिडकीतून श्वानाला डोके बाहेर काढू देऊ नये. डोळ्यालगतचे केस बोथट टोकाच्या कात्रीने, शक्यतो जाणकाराकडून कापून घ्यावेत. आधी रंगलेले केस पुसून पांढरे होत नाहीत. ते वाढून कापले जाईपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने लागतात.